बाईजा, बेटाची राव

मुरबाडच्या अलीकडे काळू नदी एके ठिकाणी दुभंगते आणि पुढे जाऊन पुन्हा एक होते. मधल्या जमिनीवर वीस-पंचवीस घरं आहेत, थोडं भात, वरच्या अंगाला नाचणी. आजूबाजूचे लोक त्याला नुसतं बेट म्हणतात. उन्हाळ्यात तिथे गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं, तेव्हा ते बेट आहे हे सांगूनही पटत नाही. पावसाळ्यात मात्र दोन्ही अंगांनी पाणी चढतं, आणि मग त्या वीस-पंचवीस घरांना स्वतःचा राजा असतो.

राजा हा माझा शब्द. ते लोक राव म्हणतात. ही पदवी कोण्या राजाने दिली असं प्रत्येक जण सांगतो, पण कोणत्या राजाने, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. बापाकडून मुलाकडे ती जाते. रावाला प्रत्येक शेतातली भाताची पहिली पेंढी मिळते, लग्नात पहिला टिळा मिळतो आणि भांडणात त्याचा शब्द शेवटचा. एवढंच राज्य. पण त्याला एक जाच आहे. आषाढ लागला की राव नदीला नारळ देतो आणि ‘पाणी बांधतो’. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत त्याने सांगितल्याशिवाय कुणी नदी ओलांडायची नाही. रोज सकाळी तो वरच्या खडकावर उभा राहून पाण्याचा रंग बघतो, वाहून येणारा कचरा बघतो आणि आज जा किंवा आज नको, असं सांगतो. आणि ते चार महिने तो स्वतः बेट सोडत नाही. कशासाठीही नाही. सोडलं तर पदवी त्या घरातून जाते, ती कायमची.

पहिला राव म्हणे पलीकडे एका बारशाला गेला होता. मागे पूर आला. जावं की थांबावं हे सांगणारं कुणी नव्हतं, ज्याने त्याने आपापल्या मनाने पाण्यात पाय घातला आणि बरीच माणसं गेली. तेव्हापासूनचं हे बंधन. पुढे एका रावाची आई लेकीकडे पलीकडे असताना वारली, तर त्याने अलीकडच्या काठावरून चितेचा धूर बघितला आणि तिथेच अंघोळ केली. हे मला बाईजाने सांगितलं. सांगताना ती त्या रावाचं कौतुक करत होती की कीव, ते मला कळलं नाही.

बाईजा बेटावर आली ती लग्न होऊन, राघो रावाची बायको म्हणून. काळीसावळी, उंच, बोलण्यात तोंडाळ, आणि हसली की सगळं अंग हलायचं. राघो शांत माणूस. त्याच्या चुलत्याच्या घराशी या पदवीवरून जुनं वैर होतं. चुलत्याला डावलून राघोच्या बापाला पागोटं बांधलं, असं त्या घराचं म्हणणं. त्या चुलत्याचा मुलगा महिपत. बाजारच्या दिवशी मुरबाडला गेला नाही तर ज्याला करमत नसे असा, विड्या ओढणारा, थापाड्या माणूस. राघोचा वंश खुंटला किंवा राघोच्या घराने पाणी ओलांडलं, की पागोटं महिपतच्या डोक्यावर जाणार, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

राघोला अडतीस साली भादव्यात बांधावर फुरसं चावलं. फुरशाचं विष हळू चढतं. माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि राघोने त्या वेळात काय विचार केला ते बाईजाने ऐकलं. ती सांगड काढा म्हणून माणसांच्या पाया पडत होती. सांगड म्हणजे सुके दुधी भोपळे बांधून केलेला त्यांचा तराफा. राघो म्हणाला, “मी पाणी ओलांडलं तर कान्हाला काय राहील?” कान्हा त्यांचा एकुलता मुलगा. राघो बेटावरच गेला. बाराव्या दिवशी कान्हाच्या डोक्याला रावाचं पागोटं बांधलं. ते इतकं मोठं झालं की त्याच्या नाकावर उतरत होतं, आणि बाईजा ते एका हाताने वर धरून उभी होती.

नावाला राव कान्हा, पण खडकावर रोज सकाळी दोघं जात. बाईजा पाणी बघायची आणि मुलाला हळूच सांगायची, मग मुलगा मोठ्याने ओरडायचा, “आज जायचं नाय!” लोक हसत, पण थांबत. पोराला त्याचा फार अभिमान होता. बेटावरची त्याच्या वयाची पोरं त्याला चिडवत, “ए राव, शेंबूड पूस!” तर तो म्हणे, “पुसतो, पण तुला उद्या पलीकडं जाऊ देत नाय.”

एकेचाळीसच्या श्रावणात कान्हाला न्यूमोनिया झाला. आधी सर्दी, मग ताप, मग श्वास घेताना बरगडी दुखायला लागली. बेटावरचे पाले झाले, धूप झाला. पोर अंगाऱ्याला दाद देईना. सांगड होती, मुरबाडला माझ्या यजमानांचा दवाखाना होता, पण मुलगा राव होता आणि पाणी बांधलेलं होतं.

बाईजाने म्हाताऱ्या नथूच्या पडवीत माणसं जमवली. नथू बेटावरचा सगळ्यांत वडीलधारा, रीतिभातीचं त्याला विचारायची पद्धत. ती आत जाऊन मुलाचं पागोटं घेऊन आली आणि म्हणाली, “हे माझ्या डोक्याला बांधा. मग तो राव नाय. मग त्याला नेता येईल.”

“बाईच्या डोक्याला?” नथू म्हणाला. “कुणी पायलंय?”

“सात वर्साच्या पोराच्या डोक्याला तरी कुणी पायलं व्हतं? बांधलंत ना? मग तीन वर्सं पाणी कोण बघतंय, तो का मी?”

महिपत खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, “एवढी कशाला उलटापालट? माझ्या डोक्याला बांधा आन् वयनी पोराबरोबर जाऊ दे.”

“आला बघा तोंडाला पाणी सुटून!” भिमी नावाची शेजारीण म्हणाली, आणि तशा प्रसंगीही दोघी-तिघी हसल्या.

बाईजा हसली नाही. राघोने ज्याच्यासाठी जीव दिला ते तिला टाकवत नव्हतं. नथूने बराच वेळ पागोट्याकडे बघितलं. मग म्हणाला, “पाण्याला काय, डोकं कुणाचं ते दिसत नाय. बांधा.”

अशी बाईजा राव झाली. त्या बेटाच्या इतिहासात दुसरी बाई झालेली नाही. आणि राव झाली त्या क्षणी तिला कळलं की आता मुलगा जाईल, पण ती जाऊ शकणार नाही. हे तिने आधी ताडलं नव्हतं असं नाही. ते समोर येऊन उभं राहिलं तेव्हा काय होईल ते तिला माहीत नव्हतं. शिवाय त्या पाण्यातून सांगड नेईल असा माणूस बेटावर एकच, महिपत.

“अगो, याच्या हातात पोर देतेस?” भिमी उघडच म्हणाली. “पोर गेलं तर पागोटं कुणाला?”

महिपतने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने कान्हाला घोंगडीत गुंडाळून सांगडीवर ठेवलं आणि बाईजाला विचारलं, “बोल राव. जाऊ का नको?” ती थट्टा नव्हती. पाणी ओलांडायला रावाची परवानगी लागते, म्हणून विचारलं. बाईजाने पाणी बघितलं आणि म्हणाली, “जा.”

महिपत मुलाला पाठीवर घेऊन चिखलातून आमच्या दारात आला, तिथून मी ही गोष्ट डोळ्यांनी बघितली आहे. दवाखान्याला खोल्या नव्हत्या, म्हणून मुलाला आमच्या मागच्या खोलीत ठेवलं. माझा थोरला मुलगा तेव्हा त्याच वयाचा. त्याला त्या खोलीत जायचं नाही असं मी बजावलं होतं, धाकटीला तर कडेवरून उतरवत नव्हते. तापाच्या मुलाच्या खोलीतून आलं की मी हात धुऊन धुऊन लाल करत होते. कान्हा ग्लानीत बडबडायचा. तो आईला हाक मारत नव्हता. तो माणसांना अडवत होता. “पाणी चढलंय. जायचं नाय. ए नथूबाबा, मागं फिर.” मी पाणी पाजायला गेले तर मलाही म्हणाला, “तू पण नाय जायचं.” मी म्हटलं, नाही जात रे बाबा.

महिपत पायरीवर बसून असे. आमच्या घरात विडी ओढू नये एवढं त्याला समजत होतं, म्हणून तो मधूनमधून रस्त्यावर जाऊन ओढून येई. जेवायला वाढलं तर निम्मं ठेवी. “डॉक्टरला इचारा, श्वास कसा हाय?” हे मात्र सारखं चालू.

मग एका सकाळी मुलाला दरदरून घाम सुटला आणि ताप उतरला. यजमान म्हणाले, आता धोका टळला. दुपारी कान्हाने पेज मागितली. त्याचा सदरा घामाने भिजून कडक झाला होता, तो मी धुतला आणि माझ्या मुलाचा सदरा त्याला घातला.

महिपत म्हणाला, “बाई, वयनीला सांगायला पायजे. तुमी चला.”

“मी कशाला? तुम्हीच सांगा की.”

“माझ्यावर ती कशाला इश्वास ठेवील? जनमभर मी तिच्याशी एक शब्द सरळ बोललो नाय. तुमी डॉक्टरच्या घरातल्या. तुमी बोललात की झालं.”

धाकटीला शेजारी ठेवून मी निघाले. सारखं मागे वळून बघत होते. थोडी वाट बैलगाडीने, पुढे चिखल. वहाणा हातात घ्याव्या लागल्या. महिपतने मुलाचा धुतलेला सदरा खांद्यावर टाकला होता. वाटेत वाळेल, आणि आईला दाखवता येईल, असं त्याचं म्हणणं.

नदीवर पोचलो तर पलीकडच्या खडकावर ती उभीच होती. लुगड्याचा काष्टा, आणि डोक्याला ते भलंमोठं पागोटं. मला हसू येण्यासारखं काही वाटलं नाही. तिच्या मागे बेटावरची माणसं जमली.

महिपतने तोंडाला हात लावून आरोळी दिली. “वयनी! पोर बरं हाय! ताप उतरला!”



“पेज खाल्ली!” मी ओरडले. “अगदी बरा आहे! काळजी करू नका!”

महिपतने खांद्यावरचा सदरा काढून दोन्ही हातांनी वर धरला आणि हलवला.

नदीला पाणी होतं, पण वारा पडला होता. आमचा शब्द न् शब्द तिला नीट ऐकू गेला, हे नंतर तिनेच सांगितलं. ऐकलं आणि ती खडकावरून खाली उतरली. मला वाटलं, घराकडे चालली, देवापुढे दिवा लावायला. तर ती सरळ पाण्याकडे आली. कुणाच्या तरी कुडावरचे दोन सुके भोपळे तिने ओढून काढले होते. ते तिने कमरेला बांधले.

पलीकडे एकच गलका झाला. नथूचा आवाज आला, “बाईजा! पाणी बांधलंय!”

ती पाण्यात उतरलीही होती.

“मागं फिर!” महिपत बेंबीच्या देठापासून ओरडला. “वयनी, पोर बरं हाय गो! देवाची शपथ! मागं फिर, पागोटं जाईल!” ज्याच्या घराने दोन पिढ्या त्या पागोट्याची वाट बघितली, तो माणूस काठावर नाचून नाचून तिला परत जा म्हणत होता. तिला प्रवाहाने बराच खाली नेलं. महिपत काठाने पळत सुटला, मी मागे. एका झाडाच्या मुळ्यांपाशी ती आली तेव्हा त्याने पोटावर पडून तिचा हात धरला आणि वर ओढलं. पागोटं डोक्यावरून सुटून गळ्यात अडकलं होतं.

“कुठं ठेवलाय?” ती म्हणाली.

“दवाखान्यात.”

“जाळलात का नाय अजून?”

महिपत ओरडला, “अगो, पेज खातोय तो!”

“खोटं.”

मी शपथा घेतल्या, तिने मान हलवली, जशी आपण लहान मुलाच्या बोलण्यावर हलवतो. ती पुढे आणि आम्ही मागे असे मुरबाडला आलो.

कान्हा भिंतीला टेकून बसला होता. माझ्या मुलाने आत जायचं नाही हे बजावलेलं धाब्यावर बसवलं होतं, आणि दोघांचं भोवऱ्यावरून भांडण जुंपलं होतं. कान्हाने वर बघितलं. आईला ओल्या लुगड्यात दारात बघून त्याला आनंद झाला, तो क्षणभरच टिकला. मग त्याचं तोंड उतरलं.

“आये, तू कशी आलीस? पाणी बांधलंय ना?”

बाईजा त्याच्याजवळ बसली. तिने मुलाचे पाय चाचपले, छाती चाचपली. त्याच्या अंगातला परका सदरा ओढून बघितला. मग महिपतकडे वळली.

“तू खरं बोलत व्हतास?”

“मग काय खोटं बोलू?”

“मेल्या, तू खरं बोललास कशाला?” ती ओरडली. “पोर मरतंय बोलला असतास, तर मी जागची हलले नसते! बोलले असते, हा मला बेटावरनं काढायला बघतोय. तू बरं हाय बोललास. तू! ज्याला ते पोर मेलेलं बरं, तो बरं हाय बोलतोय म्हणजे पोर गेलं, याला आता दया आली, असंच मला वाटलं. आन् ही बाई. चांगली बातमी द्यायला डॉक्टरची बायको चिखलातून येते का? आन् सदरा! रिकामा सदरा कुणी दाखवतं का आईला?”

मी सदऱ्याचा असा विचारच केला नव्हता. महिपतनेही केला नव्हता. तो आमच्या दारात उभा राहून ओल्या विडीचा चुरा करत होता. शेवटी म्हणाला, “मला वाटलं, तुला बरं वाटंल.”

त्यावर बाईजा हसायला लागली. ते आनंदाचं हसू नव्हतं, पण सगळं अंग हलत होतं. मी तिला कोरडं लुगडं दिलं. मुलाची उरलेली पेज तिने उभ्या उभ्या पिऊन टाकली.

बेट रावाशिवाय ठेवता येत नाही. पाणी चढत होतं आणि कुणाला जा-नको सांगणारं तिथे कुणी नव्हतं. महिपत म्हणाला, “तू पाणी ओलांडलंस ते आपण कुणाला सांगितलंच नाय तर?”

“अख्खं बेट काठावर उभं व्हतं,” बाईजा म्हणाली. “नथूबाबा आंधळा नाय.” तिने पागोटं पिळलं. “वाक. उंच हायेस.”

कान्हा भिंतीकडे तोंड करून झोपला. पागोटं बांधलं तेव्हा त्याने बघितलं नाही.

महिपत राव झाला आणि त्याचा बाजार सुटला. दसऱ्यापर्यंत त्याला बेटावर बसावं लागलं. विड्याही दुसऱ्यांकडून मागवाव्या लागत. त्या दसऱ्याला पाणी सुटल्यावर तो नथूकडे गेला आणि पागोटं परत कान्हाला बांधा म्हणाला. नथूने नकार दिला. ओलांडलं ते ओलांडलं.

बाईजा त्यानंतर पावसाळ्यात मुरबाडला येऊ लागली, सांगडीवरून, महिपतची परवानगी घेऊन. कुणाची तापलेली पोर, कुणाची अडलेली सून बरोबर असे. काम झालं की माझ्या ओसरीवर बसायची. राघोचं, जुन्या रावांचं, हे सगळं तिने तेव्हाच सांगितलं. माझी मुलं अंगणात खेळत असायची आणि माझं लक्ष तिकडे, तर म्हणायची, “बघा, बघा, आधी पोरं बघा. माझं कुठं जातंय?”

कान्हा मात्र बदलला. बापासारखा शांत झाला. दर आषाढात महिपत नारळ देतो तेव्हा तो मागे उभा राहतो. कोणी सांगितलेलं नसताना उभा राहतो. बाईजा त्या दिवशी माहेरी जाते. मी विचारलं, तर म्हणाली, “त्याच्या तोंडाकडे बघवत नाय.”

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तो भाताच्या कण्या घेऊन आमच्याकडे आला होता. आता मिसरूड फुटलेलं. मी त्याला म्हटलं, अरे, आईने तुझ्यासाठीच टाकलं ना ते.

तो म्हणाला, “मी मरत असतो आन् मला वाचवायला टाकलं असतं, तर मी तिचे पाय धरले असते. मी तर पेज खात व्हतो, बाई. बापाने तेच्यासाठी जीव दिला, आन् ते गेलं कशासाठी? कशासाठीच नाय.”

हे मी बाईजाला सांगितलं, तर तिला ते नवं नव्हतं. त्याने ते तिला तोंडावर आधीच सांगितलं होतं. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिला विचारलं, मग तू काय म्हणालीस?

“काय बोलणार? बरोबर हाय त्याचं.” तिने सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला. “पण बाई, मी पाण्यात व्हते ना, तेवढा वेळ माझं पोर मेलेलं व्हतं. ते त्याला नाय ठाऊक. आन् त्याला ते कधी कळू पण नये.”

मग तिने विचारलं की माझा थोरला सुट्टीला कधी येणार आहे. मी म्हटलं, या आठवड्यात पत्र यायला हवं होतं. ती सूप बाजूला ठेवून थोडी माझ्याजवळ सरकली.